हवा, वायुदाब आणि अर्धशिशी : दख्खनच्या पठारावरील एका अनुभवाचा इतिहास (विशेष संदर्भ : मालेगाव)

सारांश

हवा पालटली की डोके उठते, हा अनुभव महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. आयुर्वेद व युनानी या दोन्ही परंपरांनी त्याची दखल घेतली होती. एकोणिसाव्या शतकात दख्खनच्या पठारावर वायुमापक आला आणि हवेचे वजन आकड्यांत मांडता येऊ लागले. तथापि हवेची नोंद आणि डोकेदुखीची नोंद या दोन गोष्टी एकत्र आल्या नाहीत. असे का घडले, याचा ऐतिहासिक शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. उंचावरील शहरांत अलीकडे झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष मालेगावसारख्या उष्ण पठारी शहराला जसेच्या तसे का लावता येत नाहीत, याचेही विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : अर्धशिशी, वायुदाब, दख्खनचे पठार, मालेगाव, हवापालट, आरोग्याचा इतिहास.

१. प्रस्तावना

रोगांचा इतिहास म्हटला की पटकी, देवी, प्लेग, हिवताप हीच नावे प्रथम डोळ्यांसमोर येतात. ज्या रोगांनी गावेच्या गावे ओस पडली, त्यांची नोंद सरकारदरबारी झाली आणि इतिहासकारांनाही साधने उपलब्ध झाली. याउलट जे दुखणे माणसाला मारत नाही, परंतु महिन्यातून तीन-चार दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहायला लावते, त्याचा इतिहास सहसा लिहिला गेला नाही. अर्धशिशी हे अशा दुखण्याचे ठळक उदाहरण होय. डोक्याच्या एका बाजूस ठणका, मळमळ, उजेड व आवाज सहन न होणे ही तिची लक्षणे सर्वपरिचित आहेत. २०१९ च्या जागतिक रोगभार अभ्यासानुसार अपंगत्व आणणाऱ्या कारणांत अर्धशिशीचा क्रमांक जगात दुसरा, तर तरुण स्त्रियांमध्ये पहिला लागतो. तरीही घरोघरी तिची गणना 'नुसते डोके दुखणे' यातच होते.

मालेगाव हे शहर मोसम व गिरणा या नद्यांच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४४० मीटर उंचीवर वसले आहे. त्यास उंचावरील शहर म्हणता येणार नाही. ते पठारावरील उष्ण शहर आहे. उन्हाळ्यात येथील पारा ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे नवलाचे नाही. मे महिन्यातील झळा, वळवापूर्वीचा कोंदट उकाडा, मृगाच्या तोंडावरचे मळभ आणि आश्विनातील ऊन असे हवेचे तीव्र पालट येथे दरवर्षी अनुभवास येतात. यंत्रमागाच्या खडखडाटात काम करणाऱ्या या शहरात हवा आणि डोकेदुखी यांचा संबंध हा केवळ कुतूहलाचा विषय राहत नाही. तो बुडालेल्या मजुरीशीही जोडला जातो.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) हवा व अर्धशिशी यांच्या संबंधाविषयीच्या परंपरागत वैद्यकीय विचारांचा आढावा घेणे, (२) दख्खनमधील वायुदाबमापनाच्या इतिहासाचा मागोवा घेणे, (३) डोकेदुखी सरकारी नोंदींच्या बाहेर का राहिली, याची मीमांसा करणे, (४) आधुनिक संशोधनाची मालेगावच्या संदर्भात चिकित्सा करणे.

२. वैद्य आणि हकीम यांची हवा

अर्धशिशी हा शब्द संस्कृत 'अर्धशीर्ष' या कल्पनेशी नाते सांगतो. ग्रीक वैद्य गॅलेन याने वापरलेल्या 'हेमिक्रेनिया' या शब्दाचा अर्थही अर्धे डोके असाच असून त्यापासून आजचा 'मायग्रेन' हा शब्द आला. दोन दूरच्या परंपरांनी या रोगास एकाच लक्षणावरून नाव दिले, ही बाब लक्षणीय आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सतराव्या अध्यायात शिरोरोगांच्या कारणांची एक लांबलचक यादी येते. मलमूत्राचे वेग अडवणे, दिवसा झोपणे, रात्री जागणे, न मानवणारा गंध, धूळ, धूर, थंडी व ऊन यांचा त्यात समावेश आहे. त्याच यादीत पूर्वेकडील वारा, दव, आकाशात ढग येणे आणि देश व काळ यांचा विपर्यय ही कारणेही सांगितली आहेत. जागरण, उग्र वास, ऊन आणि ढगाळ हवा ही आजच्या रुग्णांच्या तोंडी असणारी कारणे या प्राचीन यादीत एकत्र आढळतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शिरोरोगांचे अकरा प्रकार वर्णिले असून त्यांपैकी 'अर्धावभेदक' हा प्रकार अर्धशिशीच्या सर्वांत जवळचा आहे. तो दहा दिवसांनी, पंधरवड्याने किंवा अकस्मात उठतो, हे निरीक्षण रुग्णाकडे बारकाईने पाहिल्याशिवाय शक्य नव्हते. 'सूर्यावर्त' या प्रकारात सूर्य चढेल तशी वेदना वाढते आणि तो कलला की ती ओसरते. महाराष्ट्रात व उत्तर हिंदुस्थानात सूर्योदयापूर्वी जिलेबी किंवा अन्य गोड पदार्थ खाण्याचा जो घरगुती उपाय रूढ आहे, त्याच्या मुळाशी हीच सूर्यगतीची कल्पना असावी.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पूर्वेच्या वाऱ्याला दोष देणारा ग्रंथकार उत्तर हिंदुस्थानच्या हवेत वावरत होता. गंगेच्या खोऱ्यात पावसाळी, दमट वारा पूर्वेकडून येतो. दख्खनमध्ये मात्र पावसाचा वारा पश्चिमेकडून येतो. म्हणजे शास्त्रवचन तेच राहिले तरी त्यामागील हवा प्रदेशानुसार बदलते. वैद्यकीय ज्ञान हे भूगोलाशी बांधलेले असते, याचे हे बोलके उदाहरण आहे. पुढे आधुनिक संशोधनाचा विचार करतानाही हाच मुद्दा पुन्हा उपस्थित होतो.

मालेगावच्या संदर्भात युनानी परंपरेचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. विशेषतः १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून अनेक विणकर कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली. त्यांच्याबरोबर उर्दू भाषा आली, हातमाग आला आणि हकिमीचा वारसाही आला. आज शहरातील मन्सूरा परिसरात युनानी वैद्यकाचे महाविद्यालय आहे. युनानी वैद्यक अर्धशिशीस 'शकीका' म्हणते. इब्न सिनाच्या 'अल्‌-कानून' या ग्रंथात तिचे विवेचन आहे. या परंपरेत आरोग्य राखणारी वा बिघडवणारी जी सहा आवश्यक कारणे मानली आहेत, त्यांत सभोवतालच्या हवेला पहिले स्थान आहे. अशा रीतीने मोसमच्या एका काठावर 'आभाळ आले की डोके धरते' असे म्हटले जात असेल, तर दुसऱ्या काठावर हवेच्या मिजाजाला बोल लावला जात असेल. मूळ अनुभव मात्र एकच.

३. पठारावर आलेला वायुमापक

हवेला वजन असते, हे टॉरिचेलीने १६४३ मध्ये पाऱ्याच्या नळीने दाखविले. १६४८ मध्ये पास्कलच्या सांगण्यावरून फ्रान्समधील पुय द दोम या डोंगरावर नळी नेण्यात आली आणि उंचीबरोबर पारा उतरतो, हे सिद्ध झाले. तेव्हापासून वायुमापक हे हवा जोखण्याबरोबरच उंची मोजण्याचेही साधन बनले.

दख्खनमध्ये या साधनाचा पद्धतशीर वापर कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) याने केला. पेशवाईच्या अस्तानंतर मिळालेल्या मुलखाची माहिती जमविण्यासाठी मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्यास सांख्यिकी अधिकारी म्हणून नेमले. गावे, माणसे, पिके, जनावरे व पक्षी यांच्याबरोबर त्याने पठारावरच्या हवेचीही नोंद ठेवली. या नोंदींवर आधारित त्याचा दख्खनमधील वातावरणीय भरती-ओहोटीविषयीचा निबंध १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. येथील वायुदाब सकाळी नऊ-दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चार-पाचच्या सुमारास उतरतो. हवा निरभ्र असो वा पावसाळी, हा क्रम मोडत नाही, हे त्याचे प्रमुख निरीक्षण होते. युरोपातील वादळी हवेत जो क्रम सहजी दिसत नाही, तो दख्खनमध्ये घड्याळासारखा नियमित दिसला. उष्ण कटिबंधातील ही रोजची चढउतार साधारण तीन ते चार हेक्टोपास्कल असते, हे पुढील काळात निश्चित झाले.

मुंबईस कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली. १८४१ पासून तेथे नियमित नोंदी होऊ लागल्या. १८६४ मध्ये कलकत्त्यास चक्रीवादळाने मोठा विध्वंस केला. १८६६ व १८७१ मध्ये मोसमी पावसाने दगा दिला. या पार्श्वभूमीवर १८७५ मध्ये भारतीय हवामानखात्याची स्थापना झाली. १९२८ मध्ये त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले आणि दख्खनचे पठार काही काळ देशाच्या हवामानशास्त्राचे केंद्र बनले.

या घटनाक्रमातून एक गोष्ट स्पष्ट होते. वायुदाबाची नोंद झाली ती जहाजे, दुष्काळ, शेतसारा आणि भूमापन यांसाठी. हवेच्या आकड्यांशी शेतकऱ्याचे पीक जोडले गेले. त्याच्या घरातील डोके धरून बसलेली बाई जोडली गेली नाही.

४. हवापालट कोणासाठी?

वसाहतकालीन राज्यकर्त्यांना हवा आणि आरोग्य यांचा संबंध ठाऊक नव्हता, असे मात्र नाही. किंबहुना त्यांच्या वैद्यकाचा तो एक आधारस्तंभ होता. हिपोक्रेटिसच्या परंपरेतील 'हवा, पाणी आणि ठिकाणे' ही त्रिसूत्री कंपनीच्या डॉक्टरांच्या विचारांत मुरलेली होती. गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत, १८२८-२९ च्या सुमारास, महाबळेश्वर येथे आरोग्यधाम उभे राहिले. साताऱ्याच्या छत्रपतींकडून ती जागा मोबदल्यात घेण्यात आली. १८५० मध्ये ह्यू मॅलेट याच्या पुढाकाराने माथेरान पुढे आले. थकलेले, तापाने खंगलेले, डोके भणभणलेले गोरे अधिकारी उन्हाळ्यात डोंगर चढू लागले. 'हवापालट' ही कल्पना पुढे मराठी मध्यमवर्गानेही आत्मसात केली.

सुमारे १३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वर येथे प्रमाण वातावरणाच्या हिशेबाने वायुदाब सुमारे ८६० हेक्टोपास्कल, तर मालेगाव येथे सुमारे ९६० हेक्टोपास्कल येतो. समुद्रसपाटीवर तो १०१३ असतो. म्हणजे आरोग्यधामास जाणारा मनुष्य गारव्याबरोबर कमी दाबाच्या हवेतही जात होता. आजचे संशोधन अतिउंचीला अर्धशिशीची साथीदार मानते. एकोणिसाव्या शतकातील वैद्यकाने मात्र डोंगराला औषध मानले. हा विरोध वरवरचा आहे. महाबळेश्वरची उंची पेरूतील वा नेपाळातील उंच वस्त्यांएवढी नाही, आणि रुग्णाला खाली छळणारा घटक बहुधा दाब नसून उकाडा होता.

नाशिक जिल्ह्यातच याचे दुसरे उदाहरण सापडते. १८६१ मध्ये देवळाली येथे लष्कराचा तळ उभा राहिला. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे शिपाई तेथे दीर्घकाळ पडून असत. उष्मा, ताप आणि रिकामपण यांनी त्यांचे चित्त ढळे. त्यातून इंग्रजीत देवळालीच्या नावावरून 'डुलाली टॅप' हा वाक्प्रचार रूढ झाला. त्यातील 'टॅप' म्हणजे आपला ताप. जिल्ह्यातील एका गावाचे नाव इंग्रजी भाषेत डोके फिरण्याचा पर्याय म्हणून जाऊन बसले.

मालेगावही लष्करी ठाणे होते. नारो शंकर राजेबहादूर यांनी अठराव्या शतकात बांधलेला येथील भुईकोट १८१८ च्या मे-जून महिन्यांत, ऐन उन्हाळ्यात इंग्रजांनी वेढला. किल्ल्यातील अरब शिबंदीने कडवा प्रतिकार केला आणि इंग्रजांची मोठी हानी झाली. पुढे येथे छावणी पडली; 'कॅम्प' या वस्तीच्या नावात तिची आठवण आजही टिकून आहे. शिपायाच्या डोक्याचा त्रास ही लष्कराची अडचण असल्याने त्याची दखल घेतली जाई. छावणीच्या बाहेर हातमागावर बसलेल्या विणकराच्या डोक्याला मात्र कोणत्याही रकान्यात जागा नव्हती. जनतेच्या आरोग्याची सरकारी मोजदाद मुख्यतः मृत्यूंची होती. पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, इजा आणि इतर सर्व कारणे अशा ढोबळ वर्गांत मृत्यू नोंदवले जात. अर्धशिशीने कोणी मरत नाही. त्यामुळे 'इतर सर्व कारणे' या रकान्यातही तिला प्रवेश मिळाला नाही.

५. आधुनिक संशोधन आणि पठाराची साक्ष

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून हवा व अर्धशिशी यांचा संबंध आकड्यांनी तपासण्यास सुरुवात झाली. पेरू देशात ४३०० मीटर उंचीवरील सेरो दे पास्को या खाणनगरात अर्धशिशीचे प्रमाण समुद्रकाठच्या लिमापेक्षा कितीतरी अधिक असल्याचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. नेपाळमधील २०१७ च्या अभ्यासात ५०० मीटरखाली सुमारे २८ टक्के असलेले प्रमाण २००० ते २५०० मीटरच्या पट्ट्यात सुमारे ४५ टक्क्यांपर्यंत चढलेले आढळले; त्याहून वर ते पुन्हा उतरले. कॅनडातील कॅलगरी हे शहर हजार मीटरहून अधिक उंचीवर, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी आहे. तेथे पर्वत उतरून येणाऱ्या 'चिनूक' या उष्ण वाऱ्याच्या आदल्या दिवशी किंवा तो जोराने वाहत असताना काही रुग्णांना अर्धशिशी अधिक होते, असे २००० साली दाखविण्यात आले. जपानमधील २०११ च्या एका छोट्या अभ्यासात वायुदाब पाच हेक्टोपास्कलहून अधिक उतरताना डोकेदुखी वाढलेली दिसली.

हे निष्कर्ष मालेगावला लावता येतील काय? येथे साइक्सच्या नोंदींचे महत्त्व ध्यानात येते. पठारावर वायुदाब रोजच तीन-चार हेक्टोपास्कल चढतो-उतरतो. केवळ उतरता दाब हेच कारण असते, तर दुपारी चार वाजता डोके दुखणे हा येथील नित्यक्रम ठरला असता. दुसरे असे की, आज आणि उद्या यांच्या दाबातील फरक येथे एरवी अल्प असतो. थंड प्रदेशाप्रमाणे वादळांची रांग येथून जात नाही. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलेले 'निसर्ग' चक्रीवादळ क्षीण होत उत्तर महाराष्ट्राकडे सरकले, असे प्रसंग विरळा. तिसरा दाखला घाटाचा आहे. १८६५ मध्ये थळघाटातून इगतपुरीपर्यंत रेल्वे सुरू झाली. मुंबईहून इगतपुरीस चढणारा प्रवासी काही तासांत सुमारे ७० हेक्टोपास्कल दाब मागे टाकतो. कोणत्याही सामान्य वादळातील घसरणीपेक्षा हा फरक मोठा आहे. तरीही घाट चढणारा प्रत्येक अर्धशिशीचा रुग्ण डोके धरून उतरत नाही.

याचा अर्थ रुग्णाचा अनुभव खोटा आहे असा नव्हे. वळवाच्या आधी दाबाबरोबर उष्णता, दमटपणा, धूळ, वारा आणि उजेडाची तिरीप हे सारे एकाच वेळी बदलते. शरीर एकेका घटकाची स्वतंत्र नोंद ठेवत नाही. ते हवा एकत्रितपणे भोगते. अमेरिकेतील बोस्टन शहरात सात हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तापमानाचा संबंध अधिक ठळक आढळला : तापमान पाच अंश सेल्सिअसने वाढले असता तीव्र डोकेदुखीसाठी तातडीच्या विभागात येण्याचा धोका पुढील २४ तासांत सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढला, दाबाचा परिणाम तुलनेने क्षीण होता. मालेगावसारख्या शहरासाठी हा निष्कर्ष अधिक विचारार्ह आहे. अर्थात बोस्टनची उष्णता आणि मालेगावची उष्णता एक नव्हे. चरकाचा पूर्ववारा जसा दख्खनला थेट लागू पडत नाही, तसेच हेही.

रुग्णाची समजूत आणि मोजमाप यांत अंतर असते, हेही नमूद करावयास हवे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७७ रुग्णांपैकी ४८ जणांना आपला त्रास हवेमुळे होतो असे वाटत होते. प्रत्यक्ष नोंदींत ३९ जणांची डोकेदुखी हवेशी निगडित आढळली. म्हणजे लोकानुभव सर्वस्वी अचूक नाही, पण त्याज्यही नाही. त्याची तपासणी व्हावी, एवढेच त्याचे मागणे आहे.

आपल्याकडे तपासणीची गरज किती आहे, हे शेजारच्या कर्नाटकावरून दिसते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील पाहणीत वर्षभरातील अर्धशिशीचे प्रमाण प्रौढांत सुमारे २५ टक्के आढळले व स्त्रियांत ते पुरुषांपेक्षा बरेच अधिक होते. मालेगावात पत्र्याच्या छपराखाली चालणारे यंत्रमाग, रात्रपाळीचे जागरण, सुताची धूळ, अखंड आवाज आणि मे महिन्याचा उकाडा एकत्र येतात. चरकाच्या यादीतील अनेक कारणे एकाच शेडमध्ये हजर असतात, असे म्हणणे वावगे ठरू नये. त्या शेडमधील कामगार डोके दुखते म्हणून घरी राहिला, तर त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. घरातल्या स्त्रीला तर घरी राहण्याचीही सोय नसते. कपाळाला फडके बांधून तिला चुलीपुढे बसावेच लागते.

६. निष्कर्ष

(१) हवेच्या पालटाने डोकेदुखी उद्भवते, हा विचार आयुर्वेद व युनानी या दोन्ही परंपरांत स्पष्टपणे आढळतो. मालेगावात या दोन परंपरा शेजारी नांदल्या.

(२) साइक्सच्या नोंदींपासून दख्खनच्या हवेचे सुमारे दोनशे वर्षांचे आकडेवार ज्ञान उपलब्ध आहे. तथापि ते राज्यकारभार, नौकानयन व शेती यांच्या गरजेतून निर्माण झाले.

(३) वसाहतकालीन आरोग्यनोंदी मृत्युकेंद्री होत्या. न मारणारे दुखणे, विशेषतः स्त्रिया व श्रमिक यांचे, त्यांतून वगळले गेले. हवेची वही भरत गेली आणि डोकेदुखीची वही उघडलीच गेली नाही.

(४) उंचावरील शहरांतील निष्कर्ष पठारी, उष्ण प्रदेशास थेट लावणे योग्य नाही. मालेगावात वायुदाबापेक्षा उष्णता व तिच्याबरोबर येणारे घटक अधिक महत्त्वाचे असण्याची शक्यता दिसते. ती स्थानिक अभ्यासानेच पडताळता येईल.

असा अभ्यास महाविद्यालयीन पातळीवर अशक्य नाही. भूगोल विभागाने तापमान, आर्द्रता व वायुदाब यांची दैनंदिन नोंद ठेवावी; गृहविज्ञान, समाजशास्त्र व इतिहास या विभागांनी ठरावीक कुटुंबांकडून, त्यांच्या संमतीने, वर्षभराची डोकेदुखीची रोजनिशी भरून घ्यावी; वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांनी निदानास साहाय्य करावे. उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत रोजनिशी छापली, तर मोसमच्या दोन्ही काठांचा अनुभव एका तक्त्यात येईल. साइक्सला त्याच्या वायुमापकासह पठारावर अनेक वर्षे हिंडावे लागले. आज हवेचे आकडे हाताशी आहेत. त्यांच्या शेजारचा रकाना तेवढा भरायचा राहिला आहे.